सिझरची पायाळू चालते का?

आमच्याकडं कंबरेत उसण भरली की माणूस आधी डॉक्टर शोधत नाही, पायाळू शोधतो. पायाळू म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय पुढं करून आलेलं माणूस. त्याची लाथ लागली की उसण निघते म्हणतात. लाथ म्हणजे बैल मारतो तशी नव्हे. दुखणाऱ्यानं उंबऱ्यापाशी पालथं पडायचं आणि पायाळूनं उजव्या पायाची टाच त्याच्या कंबरेवरून तीनदा खाली उतरवायची. एवढंच. पायाळूनं त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि दुखणाऱ्यानं जाताना मागं वळून बघायचं नाही.

माझी बायको पायाळू होती.

आसपासच्या वस्त्यांवरची माणसं सकाळीच आमच्या दारात यायची. कांदा काढणीचे आणि ज्वारी उपटायचे दिवस आले की जास्त. ज्वारी आमच्याकडं कापत नाहीत, मुळासकट उपटतात, आणि उपटताना कंबर कशी बोलते ते उपटणाऱ्यालाच ठाऊक. वाकडी झालेली माणसं अंगणात बसून राहायची. ही भाकरी थापता थापता मधेच उठायची, पिठाचे हात तसेच वर धरून एकेकाच्या पाठीवरून पाय फिरवायची आणि परत चुलीपुढं जाऊन बसायची. कुणी कण्हलं तर म्हणायची, "पाय हाय माझा, नांगर न्हाई. वरडू नकोस."

पायाळू असण्याचा तिला तोटाच जास्त झाला. पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून वळवाचं आभाळ भरून आलं की शेतातल्या बाया हिला आपल्यातून पिटाळायच्या. तू घरी जा बाई, तुझ्यापायी आमी बी जाऊ, असं तोंडावर म्हणायच्या. ती डोक्यावर पाटी घेऊन एकटी बांधावरनं घरी यायची. वीज काही तिच्यावर पडली नाही. पण त्याच बाया पुढच्या आठवड्यात कंबर धरून दारात हजर.

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही ढोरं राखायला दुसरं कुणी असेल त्या दिवशी. त्यामुळं हे सगळं खरं का खोटं, ते मला सांगता येत नाही. पण विचारायची मला लाज नाही. शिकलेल्या माणसाला अडाणी दिसायची भीती असते. मी दिसतोच अडाणी, मग काय जातंय विचारायला?

गंमत अशी की सगळ्या शिवारानं तिची लाथ खाल्ली, पण मला ती कधी मिळाली नाही. माझी कंबर धरली की मी पालथा पडायचो आणि म्हणायचो, लाव पाय. ती लांब उभी राहायची.

"नवऱ्याच्या अंगाला पाय लावू व्हय? ते पाप कुठं फेडू?"

मग तिनंच एक तोड काढली. घोंगडीची घडी करून ती जमिनीवर टाकायची, त्या घडीवर थोडा वेळ उभी राहायची, आणि मग तीच घडी माझ्या कंबरेभोवती आवळून बांधायची. पाय घोंगडीला लागला, घोंगडी मला लागली. देवानं विचारलं तर दोघांनाही सांगायला तोंड. मला त्यानं आराम पडायचा. तो तिच्या पायानं पडायचा, घोंगडीच्या उबेनं पडायचा, का आवळून बांधल्यानं मी दोन दिवस वाकायचो नाही त्यानं पडायचा, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. आता येतो. आता विचार करायला वेळच वेळ आहे.

ती गेली त्याला दुसरं वर्ष लागलं. ताप आला, नगरला नेली, परत आणली ती झाकूनच.

त्यानंतर माझी कंबर गेली. लोक म्हणाले, म्हातारा दुःखानं वाकला. दुःखानं कंबर जात नाही. ती कामानं जाते. मी वस्तीवर एकटा राहिलो आणि तिची कामं माझ्यावर आली. अंगण वाकून झाडायचं, शेण वाकून भरायचं, चूल वाकून फुंकायची, भांडी उकिडवं बसून घासायची, दोन गायींची धारही उकिडवं बसूनच. माझी जन्मभराची कामं कष्टाची होती, पण त्यांत मधूनमधून उभं राहायला मिळायचं. औत उभं राहून धरायचं, पिकाला पाणी उभं राहून द्यायचं, बाजारात भांडायचं तेही उभं राहून. तिच्या दिवसात उभं राहणं जवळजवळ नव्हतंच. हे मला तिच्या जागी वाकल्यावर दिसलं. तिची कंबर दुखायची का? कधी बोलली नाही. पायाळूची कंबर दुखली तर ती कुणाकडं जाते, हेही मला माहीत नाही.

आधी नुसती पाठ धरायची. मग कळ डाव्या ढुंगणातून निघून मांडीतून पोटरीपर्यंत उतरायला लागली, तापलेली तार ओढावी तशी. पायाच्या वरच्या अंगाला बधिरपणा आला. चालताना डावी चप्पल मागं राहून जायची आणि तळव्याला ढेकळं टोचायला लागली की मग मला कळायचं.

मुलगा नगरच्या एमआयडीसीत कामाला आहे, केडगावला राहतो. सुट्टीच्या दिवशी वस्तीवर आला तेव्हा त्यानं माझ्यामागं राहिलेली चप्पल बघितली. ती उचलून त्यानं माझ्यापुढं ठेवली. म्हणाला, "आण्णा, पाय गेला तर मी तुम्हाला इथं ठेवणार नाही. गायी विकायच्या आणि केडगावला यायचं."

तो वाईट बोलला नाही. त्याच्या घरात मला कुणी उपाशीही ठेवलं नसतं. पण तिथं दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार. इथं दार उघडलं की तिनं लावलेला शेवगा. त्यामुळं पुढं जे काही झालं त्यात प्रश्न कंबरेचा नव्हताच. मी कुठं राहायचं हा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर माझ्या डाव्या पायात होतं.

नगरला एमआरआय काढला. मळणीयंत्रात घातल्यासारखा आवाज. आत पडल्या पडल्या मला वाटलं, आता दुसऱ्या बाजूनं भुस्सा निघणार. मग मणक्याचे डॉक्टर. सोबत मुलगा आणि नात. ही नात मुलाची थोरली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि बोलायला माझ्यासारखीच फटकळ. सून म्हणते, हे एकच तुमच्यावर गेलंय, तेवढं पुरे.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला लावून दाखवलं. दोन मणक्यांच्या मधे गादी असते. त्यातली एक फुगून बाहेर आली होती आणि पायाकडं जाणाऱ्या शिरेवर बसली होती. मग त्यांनी मला चवड्यांवर चालायला लावलं. चाललो. टाचांवर चालायला लावलं. उजवा पाय उभा राहिला, डावा थोडा ढिला पडला पण उचलला. त्यांनी अंगठा खाली दाबून धरला आणि म्हणाले, वर ओढा. ओढला.

मी विचारलं, "ऑपरेशन केलं तर पाठ दुखायची थांबंल का?"

"नाही," ते म्हणाले. "पाठ थोडीफार दुखतच राहील. तुमच्या वयाला सगळ्यांची दुखते, माझीपण दुखते. मी ऑपरेशन करतो ते पायासाठी."

हा माणूस मला आवडला. गिऱ्हाईक समोर असताना आपल्या मालाचं उणं सांगणारा माणूस मी आमच्या बाजारात पाहिला नव्हता. मी म्हणालो, मग आत्ताच करायला पाहिजे का? ते म्हणाले, आत्ताच नाही. अशी फुगलेली गादी बऱ्याच जणांची आपोआप आत ओसरते. महिना-दीड महिना थांबा, व्यायाम करा, वजन उचलू नका. कळ जास्त झाली तर गोळी घ्या. पण पायाची ताकद कमी झाली तर थांबू नका. आणि लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर त्याच दिवशी या. मुलानं विचारलं, ताकद कमी झाली हे यांना कसं कळणार? डॉक्टर म्हणाले, चप्पल सांगेल.

तो महिना मी केडगावला काढला आणि जे जे करता येईल ते केलं. सांगतो तो सगळा प्रकार.

व्यायाम शिकवणारी एक बाई होती, माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी. ती मला पालथं पाडून छाती उचलायला लावायची, नाग फणा काढतो तसं. मी म्हणालो, बाई, नागाला मणके किती असतात? तिनं सांगितलं, खूप असतात. मग त्याची गादी सरकत नाही का? त्यावर ती हसली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही मोजा, तोंड चालवू नका.

सुनेच्या ओळखीनं वैद्यांकडंही गेलो. त्यांनी काय केलं, माझ्या उघड्या पाठीवर उडदाच्या पिठाचं गोल कडं लावलं, आपण वांग्याच्या रोपाला आळं करतो तसंच, आणि त्या आळ्यात कोमट तेल ओतलं. मी पडल्या पडल्या विचारलं, हे खाली झिरपतं किती? रोपाच्या आळ्यात पाणी टाकलं तर वीतभर जातं. तेल मणक्यापर्यंत जातं का? वैद्य म्हणाले, ऊब जाते. तेवढ्यानं स्नायू सैल पडतात. गादी जागेवर बसवतो असं मी म्हणत नाही. हाही माणूस खोटं बोलला नाही. मला मात्र त्या उडदाच्या पिठाचं वाईट वाटलं. तेल पिऊन चांगलं तयार झालेलं पीठ ते फेकून देत होते.

पाठ सैल पडली हे खरं. झोप लागायला लागली.

मग मला वाटलं, करून घेतलेल्यांनाच विचारावं. वस्तीवर परत आल्यावर मी दोघांकडं गेलो. आमच्या गावात मणक्याचं ऑपरेशन म्हणलं की या दोघांचीच नावं निघतात. एक एसटीत कंडक्टर होता. करून घेतल्यावर मोटारसायकलवर हिंडतो. दुसरा खालच्या आळीतला, माझ्याहून लहान. करून घेतल्यापासून खाटेवर बसलेला असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, सुरीच्या वाटेला जाऊ नका. गावानं यातून आपापल्या सोयीचा धडा घेतलेला. ज्याला भीती तो खाटेकडं बोट दाखवणार, ज्याला हौस तो मोटारसायकलकडं.

मी दोघांना एकच विचारलं. काय दुखायचं, पाठ का पाय?

कंडक्टर म्हणाला, पाय. पाठीचं काय विशेष नव्हतं. खाटेवरचा म्हणाला, पाठच, पायाला काय धाड भरलीय. मला वाटलं, सापडलं उत्तर. पण खाटेवरचा पुढं म्हणाला की त्याला व्यायाम सांगितला होता तो त्यानं एक दिवसही केला नाही. आणि कंडक्टर म्हणाला, त्यानं तो वर्षभर केला, अजून करतो. मग गुण कशाचा आला, सुरीचा का व्यायामाचा? मी जे हातात धरलं होतं ते परत सुटलं. तरी रिकाम्या हातानं आलो नाही. निदान डॉक्टर बोलले त्यातलं एक या दोघांवर ताडून बघितलं होतं.

इकडं माझी कळ कमी होत चालली होती. पोटरीतली तार विझली. मी खूश. शेजारच्या वस्तीवरचा माझा दोस्त, आमची दोघांची ढोरं एकाच माळावर चरलेली, तो माझ्यापेक्षा खूश. मी नगरला असताना गायी त्यानंच सांभाळल्या होत्या. म्हणायचा, दुखायचं थांबलं म्हणजे बरा झालास, आता त्या पाटीवाल्या डॉक्टरचं नाव काढू नकोस.

चप्पल मात्र अजून सुटायची. आधी चढाला सुटायची, आता सपाटीला. गोठ्यात शेणात पाय पडायचा, चिडचिड व्हायची. मग मी काय केलं, चप्पलच्या मागं दोन भोकं पाडली, सुतळी ओवली आणि घोट्याला गाठ मारली. झकास काम झालं. चप्पल सुटायची बंद. आमच्याकडं कुठलीही वस्तू सुटायला लागली की आम्ही ती सुतळीनं बांधतो, मग खोऱ्याचा दांडा असो की सायकलचं मडगार्ड. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. डॉक्टरनं जो एक साक्षीदार ठेवला होता त्याचं तोंड मी आपल्या हातानं बांधलं, आणि वर दोस्ताला कौतुकानं दाखवलं. त्यानंही त्याच्या चप्पलला तशीच भोकं पाडून मागितली.

दोस्ताच्या डोक्यात आणखी एक होतं. थोडी कसर राहिलीय, तेवढी पायाळूच्या पायानं काढून टाकू. पण पायाळू कुठाय? हिच्यामागं शिवारात पायाळू उरलीच नाही. आता पोरं दवाखान्यात होतात. पोटात पाय खाली दिसले की डॉक्टर सिझर करतात. पायाळू जन्मायचीच बंद झाली.

तेव्हा तो म्हणाला, "तुझी नात की. घरात पायाळू ठिवून गावभर हिंडतोस व्हय?"

हे खरं होतं आणि खोटंही होतं. नातीच्या वेळी सुनेला नगरला नेली होती. पोर पायाळू आहे असं सांगून सिझर केलं. माझ्या बायकोला त्या दिवशी आनंद झाला आणि लगेच कोडंही पडलं. पोरीला मांडीवर घेऊन मला म्हणाली, "हाय तर माझ्यावानीच. पर आली वरच्या दारानं. आता हिला पायाळू म्हनायचं का न्हाई?" मी म्हणालो, तुझ्या जातीचं तुला ठाऊक. तिनं शेवटपर्यंत ठरवलं नाही. कुणी पोरीला विचारलं तर म्हणायची, मी हाय तवर तिचं काय काम.

दोस्तानं हा प्रश्न मारुतीच्या पारावर नेला. तिथं त्याचा जो कीस पडला तो मी निवडणुकीच्या वेळीही पाहिला नाही. एकजण म्हणाला, पाय आधी बाहेर आला तरच पायाळू, नाहीतर नुसता पोटात कोण कसा बसलाय त्याला कोण विचारतंय. दुसरा म्हणाला, आंबा झाडावर पिकला काय आन् अढीत पिकला काय, आंबाच. तिसऱ्याला वाटत होतं की गुण असतो तो वाटेत घासून येतो, वाटच चुकवली तर गुण कसला. मी म्हणालो, अरे पण सिझर करताना आधी काय काढतात, डोकं का पाय? ते कुणाला माहीत नव्हतं. सूनबाईला विचार म्हणाले. तिला तर भूल दिलेली.

रविवारी मुलगा आणि नात वस्तीवर आली. दोस्त सकाळपासून येऊन बसलेला. त्यानं पोरीला सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं ती हसंल आणि उडवून लावंल. पण ती म्हणाली, मला येतं. आजीनं मला एकदा ती पाय कसा सरकवते ते माझ्या पाठीवर करून दाखवलं होतं. हे मला नवीन होतं. ह्या दोघी कधी बसून असलं काही करत होत्या कुणास ठाऊक.

मी उंबऱ्यापाशी गेलो. चप्पल काढायला लागलो, पण गाठ सुटेना.

"हे कशाला बांधलंय?" नातीनं विचारलं.

"सुटती म्हनून."

"कधीपासून सुटते?"

"पयल्यापासूनच की. आता जरा जास्त. पर कळ न्हाई हां, एक थेंब कळ न्हाई."

ती खाली बसली. गाठ तिनंच सोडली. मग उभी राहिली आणि म्हणाली, आबा, टाचांवर चालून दाखवा. दवाखान्यात चालला होतात तसं.

मी भिंतीला हात लावून टाचांवर उभा राहिलो. उजवा चवडा वर आला. डावा आला नाही. मी वर ओढत होतो, सगळा जीव त्या पायात आणून ओढत होतो, आणि तो जमिनीला तसाच पडून राहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. दवाखान्यात हाच पाय उचलला होता. मला वाटलं होतं दुखणं चाललंय. दुखणं जात होतं आणि पाय पण त्याच्याबरोबर चालला होता.

मुलानं तोंड फिरवलं आणि गोठ्याकडं बघत राहिला. तो गायींची गिऱ्हाइकं मनात शोधतोय असं मला वाटलं.

दोस्त म्हणाला, "आता तर पायाळूचा पाय पायजेच. लाव पोरी."

नात म्हणाली, "नाही लावणार."

"का? पटत न्हाई तुला?"

"पटण्याचं नाही, आजोबा. मी पाय लावला आणि ह्यांना बरं वाटलं, तर हे ऑपरेशन करणार नाहीत. म्हणून नाही लावणार."

दोस्त म्हणाला, शिकून पोरी शहाण्या होतात त्या अशा. पण मी त्या पोरीकडं बघतच राहिलो. गुण येईल या भीतीनं औषध नाकारणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. पाप लागेल म्हणून एकीनं पाय लावला नाही, आणि बरं वाटेल म्हणून दुसरीनं. माझ्या नशिबी पायाळू घरातच, आणि लाथ नाहीच.

मी मुलाला म्हणालो, उद्या नगरला न्हे.

डॉक्टरांनी पाय बघितला. या वेळी ते फोटोकडं वळले नाहीत, पायाकडंच बघत राहिले. म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही. थोडा उशीर झालाय. पाय पूर्ण परत येईल असं मी सांगणार नाही.

"किती यील?"

"सांगता येत नाही."

"मग तुमाला येतं काय?"

मुलानं मला कोपर मारलं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, शिरेवरचा दाब काढता येतो. पुढचं शिरेवर आहे, आणि तुम्ही व्यायाम किती करता त्यावर.

उठता उठता मी म्हणालो, आता एक शेवटचं. आणि पायाळूचं विचारलं. मुलगा लाजेनं दाराकडं निघाला. डॉक्टरांनी आधी पायाळूच्या लाथेचं सांगितलं. साधी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप जाते, त्या दिवसांत जे करावं त्याला गुण मिळतो, लाथेला आणि माझ्या गोळीलाही. पण तुमच्यासारख्या पाठीवर कुणी लाथ मारू नये. मग मी सिझरचं विचारलं. ते हसले आणि शेजारच्या खोलीतल्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंना हाक मारली. बाई म्हणाल्या, पायाळू बाळ सिझरनं काढतानाही बहुतेक वेळा ढुंगण नाहीतर पायच आधी बाहेर काढतात. डोकं शेवटी.

म्हणजे नात पुरी पायाळू. तिच्या आजीला पडलेल्या कोड्याचं उत्तर दाराशेजारच्या खोलीत होतं आणि कुणी विचारायला गेलं नव्हतं. मला ते कधी एकदा घरी जाऊन तिला सांगतो असं झालं. मग आठवलं. बाकड्यावर जरा वेळ बसलो. मुलाला वाटलं पाय दुखतोय.

ऑपरेशन झालं. भीती वाटली का, तर वाटली. नाही म्हणणारा खोटारडा. शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा विचारलं, काय काढलं ते दाखवा. सिस्टरनं आढेवेढे घेतले, पण डॉक्टरांनी बाटली आणायला लावली. आत पांढरे तुकडे, ओल्या नारळातल्या मलईसारखे. करंगळीच्या नखाएवढे. मी बाटली उजेडाला धरून किती तरी वेळ बघितली. एवढ्याशानं माणूस वस्तीवरनं उठतो.

पायात बळ सावकाश येत गेलं. आधी अंगठा हलला. तो हलला तेव्हा मी नातीला बोलावून दाखवला आणि ती त्या अंगठ्याकडं बघून रडली, म्हणजे बघा. केडगावला मी त्या व्यायामवाल्या बाईला नको नको केलं, इतके प्रश्न विचारले. पण केलं सगळं, खाटेवरच्याची आठवण ठेवून. पाठ दुखते अजून, डॉक्टर म्हणाले होते तशीच. पाय पुरा आला नाही. चढाला अडखळतो. सपाटीला चालतो.

शेवटच्या तपासणीनंतर मुलगा आणि मी रिक्षात होतो. केडगाव जवळ आलं तेव्हा तो म्हणाला, "आण्णा, तुमच्या सुनेनं तुमच्यासाठी पुढची खोली आवरलीय."

मी म्हणालो, "सपाटीला चालतो मी. वस्ती सपाटीला हाय."

"पडलात तर?"

"पडलो तर पडलो. तू काय रोज माझ्या मागं मला झेलायला पोतं घेऊन उभा राहनार हाय का, इथं बी?"

तो म्हणाला, मग एकच गाय ठेवायची. आणि उकिडवं बसायचं नाही. मी कबूल झालो. एक गाय दोस्तानं घेतली. सुतारानं मला गुडघ्याएवढं स्टूल करून दिलं.

वस्तीवर आल्यावर पहिल्या संध्याकाळी मी त्या स्टुलावर पाठ ताठ धरून बसलो आणि धारेला हात लावला. गाय दूध देईना. इतके दिवस तिची धार दोस्तानं काढलेली, त्यात हे उंच बसलेलं माणूस तिनं कधी बघितलं नव्हतं. ती पान्हा चोरून उभी राहिली आणि मान वळवून माझ्याकडं बघायला लागली. माझी बायको धार काढताना तिच्याशी काहीतरी बोलत बसायची, हे मला ओट्यावरून ऐकू यायचं. काय बोलायची ते कधी नीट ऐकलं नाही. मला गायीशी बोलता येत नाही. तरी मी कपाळ तिच्या कुशीला टेकवलं आणि म्हणालो, मी आता इथंच हाय, तुला पटो ना पटो.

गाय मघा उभी होती तशीच उभी राहिली. मीही हात काढला नाही. बऱ्याच वेळानं थोडंसं दूध आलं. चहापुरतं झालं.